हरणीची फरशी

ही गोष्ट मी घरात सांगायला लागलो की बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दाराला टेकून उभी राहते. ऐकायला नव्हे, तपासायला. मी कुठं स्वतःला सोयीचं वळण देतोय असं दिसलं की ती तिथल्या तिथं अडवते. मुलं मोठी झाली, थोरलीचं लग्नही झालं, तरी तपासणी चालूच आहे. त्यामुळे पुढे लिहितोय ते बऱ्यापैकी खरं धरायला हरकत नाही. जिथं मी फार शहाणा वाटेन, तेवढा भाग तिनं अजून वाचलेला नाही असं समजा.

तेव्हा मी शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीला, प्राथमिक शाळेत मास्तर होतो. लग्नाला दोन वर्षं झाली होती. नदीच्या अंगाला गावातल्या हौशी मंडळींनी एक बाग केली होती. चार बाकं, कण्हेरीची रांग, मधोमध एक कारंजं, ज्यातून पाणी उडालेलं मी कधी पाहिलं नाही, आणि मागच्या कोपऱ्यात जनावरं. जनावरं म्हणजे चार-सहा ससे, पोरांनी पिसं उपटून नेल्यामुळे कोंबड्यासारखा दिसणारा एक मोर, आणि एक चिंकारा हरणी.

हरणी दौंडकडची. भांडगावच्या बाजूच्या माळावर कुत्र्यांनी आईपासून तोडलेलं पिल्लू एका मेंढपाळाला सापडलं. त्यानं ते शेळीच्या दुधावर वाढवलं. पुढं पुढं कुत्री त्याच्या तळाभोवतीच घिरट्या घालायला लागली, तेव्हा त्यानं ते आमच्या बागेत आणून सोडलं आणि डोळे पुसत निघून गेला. हरणी पूर्ण माणसाळलेली होती. चुचकारलं की तारेपाशी यायची आणि तळहातावर ओलं नाक टेकवायची. नाव तिला कुणी ठेवलं नव्हतं. ‘हरणी’ म्हटलं की गावाला कळायचं.

बागेच्या मंडळाचा मी चिटणीस होतो. माझं अक्षर चांगलं होतं, एवढाच माझा गुन्हा. मंडळाचे अध्यक्ष होते आप्पा. मार्केटात त्यांची आडत होती, जोंधळा आणि गुळाची. उंच, सावळे, डोक्याला फेटा आणि आवाज असा की पलीकडच्या काठावरचा माणूस ‘ओ’ द्यायचा.

त्या पावसाळ्यात हरणीच्या कुंपणात गुडघाभर चिखल झाला. ती एका कोपऱ्यात मातीच्या ढेकळावर चारी पाय जुळवून उभी असायची, पाटावर बसवलेल्या पाहुणीसारखी अवघडून. मला ते बघवेना. मी ठरवलं, काहीतरी करायचं. आता ‘काहीतरी करायचं’ म्हणजे काय, याचा विचार माणूस स्वतःच्या घरावरून करतो. आम्ही राहत होतो त्या भाड्याच्या खोलीत शेणानं सारवलेली जमीन होती आणि पावसाळ्यात कौलं गळायची. त्यामुळे सुखाची माझी कल्पना अगदी स्वच्छ होती: खाली शहाबादी फरशी आणि वर पत्रा. माणसाला जे मिळावं असं वाटतं ते मुक्या जनावरालाही मिळालं पाहिजे, असं एक वाक्य मी मंडळाच्या सभेत उभं राहून म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चिटणीसाच्या वाक्याला टाळी पडण्याची ती पहिली वेळ आणि शेवटचीही.

आप्पा हेलावले. त्यांचं नवं घर दोन-तीन वर्षांपूर्वी बांधून झालं होतं आणि परड्यात शहाबादी फरश्यांची चळत उरली होती. त्यांची आई मागच्याच वर्षी गेली होती.

“मास्तर,” ते म्हणाले, “फरश्या माझ्या. आईच्या नावानं करा. पाटी मातर झकास पाहिजे.”

पाटीचा मजकूर मी लिहून दिला. काळ्या दगडावर पांढरी अक्षरं: ‘ही फरशी मातोश्रींच्या स्मरणार्थ.’

घरी येऊन मी हे सगळं मोठ्या उत्साहानं सांगितलं. बायको तेव्हा सारवत होती. हात कोपरापर्यंत शेणात.

“हरणीला शहाबादी?” तिनं वर न बघता विचारलं.

“हो.”

“आन् वर पत्रा?”

“हो, नवा कोरा.”

“बरं हाय. मला बी शिंगं फुटली म्हंजी न्या तिकडं ऱ्हायाला.”

दिवाळीनंतर काम झालं. उद्घाटनाला नारळ फुटला, पेढे वाटले. आप्पांनी पाटीला हार घातला आणि बागेचे राखणदार मामा, म्हातारे गृहस्थ, त्यांनी हरणीला धरून आत सोडलं. तिनं पहिलं पाऊल टाकलं आणि तिचे चार पाय चार दिशांना गेले. पोटावर आपटली, उठली, परत घसरली. लोक हसले. मीही हसलो. लहान मूल पहिल्यांदा चालताना पाहून हसतात तसं कौतुकानं हसलो, असं मी आजवर सांगत आलोय. (दारातून आवाज: “मोठ्यानं हसला हुता.”)

एकटी बायको तेवढी हसली नाही. ती इनामगावची, नदीकाठच्या शेतकऱ्याची लेक. गोठ्यात वाढलेली. ती माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाली, “आवं, घसरतीय ती.”

“होईल सवय,” मी वर्गातल्या आवाजात म्हणालो. “नव्या गोष्टीची सवय व्हायला वेळ लागतो.”

“तिच्या पायाला इचारा की.”

तिच्या पायाला मी विचारलं नाही. मामांना मात्र सक्त ताकीद दिली: सकाळ-संध्याकाळ फरशी धुवायची, फिनेल टाकून. मामा आज्ञाधारक माणूस. ते दोनदा धुवायचे आणि माझ्या समाधानासाठी दुपारी एकदा जास्त. ती फरशी कधी वाळलीच नाही. आमच्या शाळेत, माझ्या वर्गातसुद्धा, इतकी स्वच्छता नव्हती.

उन्हाळा आला. पत्रा तापायचा, तसा खालून दगडही तापायचा. हरणी मधोमध, जिथं दोन फरश्यांच्या सांध्यात तिचे खुर जरा अडकून राहायचे, तिथं उभी राहायला लागली. दिवसभर तिथंच. पूर्वी ती कुंपणात सारख्या फेऱ्या मारायची, उड्या घ्यायची. ते थांबलं. चुचकारलं तरी तारेपाशी येईना. मला वाटलं, वय झालं, पोरकटपणा गेला. मंडळाच्या अहवालात मी माझ्या त्या सुंदर अक्षरात लिहिलं, ‘जनावरे आता स्वच्छ व शांत आहेत.’

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. विसरायचा प्रयत्न केला की घरात कुणीतरी आठवण करून देतं.

मग श्रावण लागला आणि हरणी गुडघे टेकायला लागली.

पुढचे दोन पाय दुमडून, मान खाली घालून, मागचा भाग तसाच वर. तोंड नदीकडे, आणि नदीकडे महादेवाचं देऊळ. पहिल्या सोमवारी देवळातून परतणाऱ्या बायकांनी ते पाहिलं आणि गावभर झालं: बागेतली हरणी महादेवाला नमस्कार करते. दुसऱ्या सोमवारी रांग लागली. कुणी तारेला बेलाचं पान खोचलं, कुणी लांबूनच कुंकू उडवलं. लहान पोरांना खांद्यावर घेऊन माणसं दाखवायची, “बघ, मुकं जनावर असून कसं टेकतंय.” आणि गेल्या जन्मीची कुणी पुण्यवान बाई असणार असंही ठरलं. आप्पांना तर भरून आलं. आईच्या नावाच्या फरशीवर हे घडत होतं.

आणि मी? मला खोटं सांगता येत नाही, बायको दारात उभी आहे. मी लोकांना जागा करून देत होतो, “हळू, हळू, गोंधळ करू नका,” असं म्हणत होतो. छाती चार बोटं वर आली होती. वर्षभराच्या सुधारणेला देवाचीच पावती मिळाल्यासारखं वाटत होतं.

त्या सोमवारी बायकोही दर्शनाहून परतताना तारेपाशी थांबली. बराच वेळ बघत होती. मग सगळ्यांसमोर मला म्हणाली, “देवाला न्हाई टेकत ती. उभं ऱ्हावंना म्हणून टेकलीय.”

“अगं, लोक काय म्हणतात ते ऐक तरी.”

“लोकांस्नी चार पाय न्हाईत. तिचं गुडघं बघा. कातडं गेलंय.”

मी वाकून पाहिलं. नऊ महिने मी त्या कुंपणाचा अहवाल लिहीत होतो, पण वाकून पाहण्याची ती पहिलीच वेळ. गुडघ्यांवरचे केस गेले होते, लालसर ओल दिसत होती. आणि खुर. हरणाचा खुर म्हणजे कसा, पेन्सिलीला टोक काढल्यासारखा नेटका. हिचे खुर वाढून पुढं वळले होते, जुन्या चपलेच्या वर आलेल्या टोकासारखे. मी हात पुढं केला. ती मागं सरकायला गेली आणि सरकता आलं नाही, म्हणून तशीच बघत राहिली.

त्या रात्री जेवण गेलं नाही म्हटलं तर खोटं होईल, जेवलो. पण घास मोजून.

बाजाराच्या दिवशी बायको एकटीच बाजारात गेली आणि नालबंद चाचांना घेऊन आली. चाचा दर बाजारी लिंबाखाली बसून बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकायचे. गावातच पिढ्यान्‌पिढ्या राहणारं मुसलमानाचं घर. पांढरी दाढी, हात बाभळीच्या मुळासारखे. कुंपणात शिरण्याआधी त्यांनी वहाणा काढल्या, तळव्यानं फरशी चाचपली, वर पत्र्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळले.

“मास्तर, हे कुनी केलं?”

मी म्हणालो, “मंडळानं.”

बायको म्हणाली, “ह्यांनी.”

चाचांनी मान हलवली. “नीयत चांगली हाय. पर बघा, घसरतंय म्हणून जनावर चालंना. चालंना म्हणून खुर झिजंना. खुर झिजंना म्हणून आता चालायचं म्हटलं तरी चालता येईना. असा फेरा हाय हा.”

“बैलाला पाडतात तसं पाडून खुर छाटायचे का?” मी विचारलं. मदत करायची म्हणून मामा दोर घेऊन तयारच होते.

“तोबा! बैल हाय का हा? ह्याला दोर लावला तर भ्यानं काळीज फुटंल. दोर ठेवा लांब. मास्तर, तुम्ही बी लांब.”

मी लांब झालो. बायको खाली बसली, हरणीचं डोकं तिनं मांडीवर घेतलं आणि लुगड्याचा पदर तिच्या डोळ्यांवर ओढला. हरणीचं अंग थरथरत होतं, कातडीखाली पाणी हलल्यासारखं. बायको तिच्या कानामागं बोटं फिरवत काहीतरी पुटपुटत होती. माहेरी गाय धरताना म्हणायची तसलं, अर्थ नसलेलं. हळूहळू ती थरथर कमी झाली. चाचांनी एकेक खुर हातात घेतला. छोटी छिन्नी, मग कानस. इतक्या जाड बोटांनी इतकं हलकं काम मी पाहिलं नव्हतं. मधे मधे थांबून ते स्वतःच फुंकर घालायचे. चारी खुर होईपर्यंत ऊन कण्हेरीवरून बागेच्या भिंतीवर गेलं. मामा दोर मागं लपवून उभे होते.

उठताना चाचा म्हणाले, “मी दर बाजारी येईन. पर ही फरशी हाय तवर माझं काम पाण्यात. उखडा ही. मुरूम टाका, थोडी नदीची वाळू. एका बाजूला खडबडीत दगड असू दे, खुर झिजायला. आन् बांबूच्या तट्ट्याचा आडोसा द्या. जनावराला कुणाच्या नजरंला पडायचं नसलं तर जाणार कुठं ते?”

“आणि नाही उखडली तर?”

चाचांनी हरणीकडे पाहिलं. “गुडघ्याची जखम हाडाला भिडली की मग मला बोलवू नका.”

आता फरशी उखडायची म्हणजे आप्पांच्या आईचं नाव उखडायचं. पाटी, हार, श्रावणी सोमवारची गर्दी, सगळंच. दोन दिवस मी शाळेतून घरी येताना मार्केटाची वाट चुकवून आलो. तिसऱ्या दिवशी बायकोनं माझी टोपी आणून हातात दिली आणि दार उघडून उभी राहिली.

आप्पा गादीवर होते. समोर गुळाच्या ढेपा, हमाल, वजनाचा काटा. मी वाटेत भाषण तयार केलं होतं.

“आप्पा, फरशी फार उत्तम आहे.”

“मग?”

“म्हणजे दगड उत्तम आहे. काम उत्तम झालंय. त्या दृष्टीनं पाहिलं तर—”

“मास्तर, वर्गात बी असंच शिकवता का? पोरं पास कशी हुत्यात?”

मग मी सरळ सांगितलं. हरणी नमस्कार करत नाही, तिला उभं राहवत नाही. फरशी काढावी लागेल. काट्यावरचा हमाल थांबला. आप्पांचा चेहरा आधी लाल झाला, मग काळा.

“आईच्या नावाची फरशी उकरायची?”

“हो.”

“तुम्हीच ना त्या दिशी सभेत उभं ऱ्हाऊन म्हणला हुता, मुक्या जनावराला बी मिळालं पाहिजे?”

“हो. मीच. मला काही कळत नव्हतं, आप्पा. टाळ्या पडल्या तेव्हाही कळत नव्हतं.”

आप्पांनी फेटा डोक्यावर ठेवला आणि तडक बागेकडे निघाले. मी मागं मागं. वाटेत लोक रामराम घालत होते, ते कुणाला उत्तर देत नव्हते. मला वाटलं, आता तिथं नेऊन चारचौघांत माझी शोभा करणार.

कुंपणापाशी येऊन त्यांनी पायताणं काढली. आईच्या नावाच्या दगडावर ते कधी पायताणानं गेले नाहीत. पाटीला हात लावून नमस्कार केला, आत पाऊल टाकलं. मामांनी नुकतीच फरशी धुतली होती. दुसऱ्याच पावलाला आप्पांचा पाय सटकला. मी धरायला गेलो आणि मीही गेलो. अध्यक्ष आणि चिटणीस दोघंही हरणीपासून हातभर अंतरावर फरशीवर बसलो. मामा बाहेर तोंड फिरवून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

मला वाटलं आप्पा आता गर्जतील. ते उठलेच नाहीत. ओला तळवा फरशीवर तसाच ठेवून हरणीकडे बघत बसले. ती गुडघ्यांवर टेकलेली, तोंड आमच्याकडे. एवढे मोठे डोळे, आणि त्यात तक्रार नाही.

मग ते बोलले. त्यांचा आवाज एवढा लहान होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

“नव्या घरात आई भिंतीला धरून चालायची. मला वाटायचं, म्हातारीला कवतुक न्हाई. येवढं घर बांधलं, आन् ही उठून गोठ्यात जाऊन बसती. गोठ्यात जमीन हुती ना. एकदा मी तिला चारचौघांत बोललो. म्हणलं, तुला मातीतच ऱ्हायचं तर ऱ्हा.” त्यांनी तळवा उचलून धोतराला पुसला. “ऱ्हायली. शेवटपतूर तिथंच बाज टाकून ऱ्हायली.”

मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो. धोतर भिजलं.

मग ते फरशीला हात टेकून, मला धरून उठले आणि बाहेर बघून ओरडले, पूर्वीच्याच आवाजात, “मामा! पहार आणा!”

पहिली फरशी त्यांनी स्वतः उचकटली. दोन दिवसांत कुंपण मोकळं झालं. मुरूम आला, चार बैलगाड्या वाळू आली. पत्रा काढून अर्ध्या भागावर गवताचं छप्पर घातलं आणि चाचांनी सांगितल्याप्रमाणे कोपऱ्यात तट्ट्या उभ्या केल्या. कुंपण बागेतल्या लिंबापर्यंत वाढवलं, त्याची सावली आत आली. निघालेल्या फरश्या कुंपणाबाहेरच्या अंगानं लिंबाच्या पाराला लावल्या, म्हातारी माणसं बसायला. राहिली पाटी. मी म्हणालो, “आप्पा, मजकूर बदलून देतो.” आप्पा म्हणाले, “हात लावायचा न्हाई.” मग पुढची कित्येक वर्षं नवखा माणूस ‘ही फरशी मातोश्रींच्या स्मरणार्थ’ वाचायचा, खाली मुरमाकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. मी नदीकडे बघायचो.

पण हरणी उठेना. मुरमावरही ती गुडघ्यांवरच. चार-पाच दिवस, मग आठवडा, मग महिना. बायको हळद आणि तेल घेऊन रोज सकाळी जायची, गुडघ्यांना लावायची. चाचा बाजारच्या दिवशी येऊन कानस फिरवून जायचे. गावात कुरकुर सुरू झाली. नमस्कार करणाऱ्या हरणीचं देवस्थान या मास्तरानं मोडलं, असं मला पारावरून ऐकू यायचं, त्याच फरश्यांवर बसून बोललेलं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. आपल्याला उशीर झाला, एवढंच वाटत होतं. शाळेत फळ्यावर बेरीज लिहिताना मधेच चाचांचा तो हाडाला भिडण्याचा शब्द आठवायचा आणि खडू थांबायचा.

दसऱ्याच्या आसपासची एक सकाळ. शाळेआधी मी बागेत गेलो. खिशात बोरीचा पाला होता, बायकोनं दिलेला. हरणी लिंबाच्या सावलीत बसली होती. टेकलेली नव्हे, नीट पाय पोटाशी घेऊन बसलेली, रवंथ करत. मी तारेपाशी उभा राहिलो आणि चुचकारलं. तिनं कान वळवले. मग मागचा भाग उचलला, पुढचा एक पाय सोडवून मुरमात रोवला, मग दुसरा. उभी राहिली. पाय थोडे कापत होते, पण चारीच्या चारी जमिनीवर होते आणि घसरत नव्हते. मी पाला तारेतून आत धरला. हात लांब करून, अगदी खांद्यापर्यंत. एवढं सगळं केल्यावर ओलं नाक तळहाताला लागावं, एवढी तर अपेक्षा करावी की नाही माणसानं?

तिनं पाल्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग पाठ फिरवली आणि सावकाश, एकेक पाऊल पारखून घेत, तट्ट्याच्या मागं चालत गेली. शेपटीचं टोक दिसेनासं झालं.

मी तिथंच उभा राहिलो, हात आत, पाला हातात. मागून मामा आले.

“मास्तर, हरणी कुठं हाय?”

“दिसत नाही,” मी म्हणालो. त्यानंतर शाळेत पोचायला मला उशीर झाला, कारण ती कशी उठली, कशी चालत गेली, ते मामांना सगळं पहिल्यापासून सांगायचं होतं, आणि मग आप्पांकडे, आणि मग घरी.